अकरा हजार पाचशे चौऱ्याहत्तर

पावसाळ्यात रोजच्या बातम्यांत 'कोयनेतून इतक्या क्युसेकचा विसर्ग', 'अलमट्टीत इतका टीएमसी साठा' असे शब्द तुम्ही ऐकता. सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांना तर ते पाठच असतात. पण या दोन मापांचा संबंध काय, असे विचारले तर मोठी माणसेही गडबडतात. तेव्हा मित्रहो, कागद-पेन्सिल घ्या.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. हे साठ्याचे माप. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हे प्रवाहाचे माप. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे साधारण दोन बादल्या पाणी मावते. दिवसाचे सेकंद ८६,४००. एक अब्जाला या संख्येने भागा. उत्तर ११,५७४ येईल. इतके क्युसेक पाणी दिवसभर वाहिले की एक टीएमसी होते. हा आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

आता समजा, एका धरणात २० टीएमसी जागा रिकामी आहे आणि एक लाख क्युसेक पाणी आत येत आहे. दारे बंदच ठेवली, तर रोज ८.६ टीएमसीची भर पडून धरण सव्वादोन दिवसांत भरेल. मग येणारे लाख क्युसेक जसेच्या तसे खाली सोडण्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या तासापासून २५ हजार क्युसेक सोडले, तर तीन दिवस मिळतात. तेवढ्यात पाऊस ओसरला, तर खालची गावे वाचली. पण पाऊस दुसऱ्याच दिवशी थांबला तर? मग उन्हाळ्यात उसाला लागणारे पाणी फुकट गेले, असे शेतकरी म्हणणार. दारावर बसणाऱ्या अभियंत्याचा हेवा करू नये!

कृष्णेवर तर अशी धरणे अनेक. कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते. या तिघींचे लोंढे एकाच वेळी आले की संकट. वरची दारे महाराष्ट्राच्या हाती, खाली अलमट्टीची दारे कर्नाटकाच्या हाती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढले; तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे पूर आला, असे पुष्कळांचे म्हणणे होते. वडनेरे समितीने २०२० मध्ये मात्र अलमट्टीवर ठपका ठेवला नाही. वाद अजून मिटलेला नाही.

न्यायमूर्ती बचावत यांच्या लवादाने १९७६ मध्ये महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी वाटून दिले होते. पण हे वाटप वर्षभराच्या पाण्याचे. पुराच्या रात्री कोणाचे दार किती उघडावे, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी तासातासाचे आकडे दोन्हीकडे पोहोचावे लागतात. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांच्या नेत्यांची बंगळूरला बैठक झाली, ती या समन्वयासाठीच.

तुम्हीही असे आकडे जमवू शकता. सरळ भिंतींचा, सपाट तळाचा डबा उघड्या मैदानात ठेवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, आतील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तरी दहा लाख लिटर पाणी होते! तुम्ही शिरोळ तालुक्यात असाल, तर शेजारच्या चिकोडी तालुक्यातील एखाद्या शाळेशी आणि वर महाबळेश्वरच्या एखाद्या शाळेशी संधान बांधा. तिघांचे आकडे एकाच तक्त्यावर मांडा. खाली आपल्या गावच्या नदीची पातळी लिहा. महाबळेश्वरला पाऊस पडल्यावर तुमच्याकडे पाणी किती तासांनी चढते, ते दिसू लागेल. चिकोडीच्या मुलांचे आकडे कानडीत आले, तर कानडी अंक शिकायला एक संध्याकाळ पुरे.

डबा मात्र झाडाखाली ठेवू नका. आमच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षी तो पन्हाळीजवळ ठेवला होता. एका रात्रीत चेरापुंजीलाही मागे टाकील एवढा पाऊस आमच्या वहीत नोंदला गेला!