जुन्या मेजाची पारख

घरात एखादे जुने मेज असावे, अशी हौस अलीकडे पुष्कळ कुटुंबांत दिसून येते. प्लायवूडच्या सुबक परंतु अल्पायुषी सामानाशेजारी सागाचे किंवा शिसवीचे भारदस्त मेज शोभूनही दिसते. मात्र ही खरेदी कापडचोपडाच्या खरेदीसारखी नव्हे. येथे गिऱ्हाईक वस्तूबरोबर तिच्या वयाचेही मोल देत असते. आणि वय वरवर पाहून कळत नसल्यामुळे फसगतीला भरपूर वाव राहतो.

दादरा-नगरहवेलीतील किलवणीचे उदाहरण घेण्याजोगे आहे. सिल्वासा परिसरातील हे गाव सागाच्या मुलखातले. या प्रदेशावर दीर्घकाळ पोर्तुगीज अंमल असल्यामुळे येथून निघालेले कोणतेही जुने लाकूडसामान ‘पोर्तुगीज’ म्हणून खपविण्याचा मोह व्यापाऱ्याला होणे स्वाभाविक आहे. किलवणीच्या घरातले मेज तीनशे वर्षांचे पोर्तुगीज आहे, असे कोणी सांगितलेच, तर आधी इतिहास आठवावा. नगरहवेली पोर्तुगीजांकडे गेली ती १७८३ मध्ये. सिल्वासा मुख्य ठाणे झाले १८८५ मध्ये. आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. म्हणजे तेथे पोर्तुगीज सत्ता येऊन अद्याप अडीचशे वर्षेही झालेली नाहीत. दमणला त्यांचे राज्य १५५९ पासून होते, हे खरे. परंतु मेज दमणहून आले म्हणावयाचे, तर त्याला जुनी पावती, घरचे टिपण किंवा छायाचित्र असा काही आधार हवा.

‘पोर्तुगीज’ या शब्दाचाही अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. या नावाने ओळखले जाणारे पुष्कळसे सामान पोर्तुगालमध्ये घडलेले नाही. गोवा, गुजरात आणि सिंध येथील कारागिरांनी ते पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी घडविले. घाट परदेशी, हात मात्र देशी, असा हा संयोग होता. गोवा राज्य संग्रहालयात इन्क्विझिशनच्या न्यायासनापुढील भव्य कोरीव मेज जतन केलेले आहे. अशा वस्तू डोळे भरून पाहिल्या, म्हणजे अस्सल कोरीवकामाची ठेवण लक्षात राहते आणि बाजारात नजर सहसा चुकत नाही.

प्रत्यक्ष पारख करताना मेजाची वरची बाजू शेवटी पाहावी. पॉलिश वरच्याच बाजूला असते. खरी हकीकत खालच्या बाजूला लिहिलेली असते. मेज उलटे करून उजेडात पाहावे. हातकरवतीच्या खुणा साधारण सरळ, पण कमीजास्त अंतरावर असतात. गोल यांत्रिक करवतीच्या खुणा कमानदार उमटतात. खणाच्या कोपऱ्यांवर पारव्याच्या शेपटीसारखे सांधे असल्यास ते मोजावेत. हाताने कापलेले सांधे थोडे लहानमोठे निघतात. सगळे तंतोतंत सारखे असतील, तर ते यंत्राचे काम समजावे. जुन्या हातघडीच्या स्क्रूचे आटे असमान असतात आणि डोक्यावरची खाच पुष्कळदा मध्यावर नसते. फळीखाली आज उपयोगात नसलेली जुनी भोके आढळली, तर एका मेजाची फळी दुसऱ्याच्या पायांवर बसविल्याचा संशय घ्यावा.

गोल मेजाची एक परीक्षा फार सोपी आहे. लाकूड वर्षानुवर्षे सुकताना रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, उभ्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. म्हणून खरोखर जुन्या गोल फळीचा व्यास दोन्ही दिशांनी मोजला, तर थोडा फरक पडतो. किड्यांच्या भोकांचाही असाच बोध घ्यावा. कीड लाकडाच्या आत बोगदे करते आणि पृष्ठभागावर केवळ बारीक भोके दिसतात. ते बोगदे उघड्या पन्हळीसारखे वर दिसत असतील, तर जुने लाकूड पुन्हा कापून नवे मेज केले आहे, असे समजावे. भोकांतून ताजी भुकटी गळत असेल, तर कीड जिवंत आहे; असे मेज उपचार केल्यावाचून घरात आणू नये.

लाकडाविषयीही दक्षता हवी. शिसव सागापेक्षा जड असते. हलक्या लाकडाला गडद रंग देऊन ते शिसव म्हणून विकले जाते; दुकानदाराच्या परवानगीने पायाच्या तळाशी किंचित खरवडल्यास आतला फिकट रंग उघडा पडतो.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही. हस्तिदंती जडावाच्या मेजाचा तर मोहच नको. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ मध्ये आणि आयात हस्तिदंताच्या व्यापारावर १९९१ मध्ये बंदी आली आहे.

सौदा ठरविण्यापूर्वी दाराची आणि जिन्याची रुंदी मोजावी. बसून पाहावे, गुडघ्यांना जागा मिळते की नाही, हे उभ्याने कळत नाही. वाहतूक आणि दुरुस्ती यांचा खर्च किमतीत धरावा. ‘घासून नवे करून देतो’ ही दुकानदाराची सूचना मात्र नम्रपणे नाकारावी. यंत्राने घासल्यावर अनेक वर्षांच्या वापराने आलेली झळाळी जाते आणि तिच्याबरोबर निम्मे मोलही जाते. आणलेले मेज वातानुकूल यंत्राच्या झोतापुढे किंवा उन्हात ठेवू नये, फळी तडकते.

मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला जितकी ही माहिती हवी, तितकीच ती किलवणीसारख्या गावातील गृहस्थालाही हवी. अडगळ म्हणून ओसरीवर पडलेले आजोबांचे मेज दारी आलेल्या फेरीवाल्याला पडेल त्या भावाने देण्यापूर्वी त्याने ते एकदा उलटे करून पाहावे. न पारखता घेणारा पैसे गमावतो. न पारखता देणारा मात्र घरची आठवणही त्याच भावात देऊन बसतो, आणि ती पुन्हा कोणत्याही बाजारात मिळत नाही.