वर्धा जिल्ह्यातील घरगुती ससेपालन आणि सशांचे प्रजनन : एक विवेचन

प्रस्तावना :

वर्धा हा कृषिप्रधान जिल्हा होय. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील मुख्य पिके असून आर्वी व कारंजा परिसरात गवळाऊ गाईंचे पालन परंपरेने होत आले आहे. त्यामुळे जनावराच्या प्रजननाविषयीचे येथील ज्ञान मुख्यतः गाईच्या अनुभवातून घडलेले आहे. गाय साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते, सुमारे नऊ महिने गाभण राहते आणि बहुधा एकच वासरू देते. मुलांच्या हौसेखातर सशांची जोडी घरी आणणारी व्यक्ती नकळत हेच ठोकताळे सशालाही लावते. तथापि सशाची प्रजननव्यवस्था गाईहून मूलतः भिन्न आहे. हा भेद लक्षात न आल्यास नको असलेली वेत, पिल्लांचे मृत्यू आणि शेवटी प्राणी वाऱ्यावर सोडणे असे प्रकार संभवतात. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन केले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) पाळीव ससा व रानससा यांतील फरक स्पष्ट करणे.
२) सशाच्या प्रजननाची मूलतत्त्वे विशद करणे.
३) वर्ध्याच्या हवामानात पाळणाऱ्याने घ्यावयाच्या दक्षतेची चर्चा करणे.

पाळीव ससा आणि रानससा :

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी योजला जातो. वर्ध्याच्या माळरानावर व शेताच्या बांधावर दिसणारा रानससा हा ‘लेपस निग्रिकॉलिस’ या जातीचा आहे, तर पाळीव ससा हा युरोपीय ‘ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस’ या जातीचा वंशज आहे. पहिल्याच्या पेशीत ४८ आणि दुसऱ्याच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात. या दोहोंचा संकर होत नाही. रानसशाची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच उघड्या जमिनीवर जन्मतात. पाळीव सशाची पिल्ले मात्र उघडीनागडी, आंधळी व पूर्णतः परावलंबी असतात. युरोपीय ससा बिळात वितो, म्हणूनच पाळीव मादीला बिळासारखी अंधारी, बंदिस्त जागा आवश्यक ठरते. रानसशाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण असल्याने त्याची पिल्ले उचलून आणून पाळणे हा गुन्हा होय.

प्रेरित अंडमोचन :

सशाच्या मादीस गाईप्रमाणे ठरावीक माजचक्र नसते. तिच्या अंडाशयात पक्व बीजपुटके बहुतांश काळ तयार असतात. परंतु समागमाची चेतना मिळाल्याखेरीज सहसा अंडे सुटत नाही. समागमानंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून संप्रेरक स्रवते व साधारणतः १० ते १२ तासांत अंडमोचन होते. यालाच ‘प्रेरित अंडमोचन’ असे म्हणतात. सशाच्या बाबतीत ही बाब वॉल्टर हीप या ब्रिटिश संशोधकाने १९०५ मध्ये मांडली. याच गुणधर्माचा उपयोग करून १९३१ मध्ये फ्रीडमन व लॅपहॅम यांनी मानवी गर्भनिदानाची चाचणी विकसित केली होती. नरापासून दूर ठेवलेल्या मादीला गर्भवती स्त्रीचे मूत्र टोचल्यास त्यातील संप्रेरकामुळे तिच्या अंडाशयात बदल घडत असे.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. ‘मादी माजावर नाही, तेव्हा काही होणार नाही’ हे गृहीतक सशाला लागू पडत नाही. काही मिनिटांची मोकळीकही गर्भधारणेस पुरेशी ठरते. मादी विल्यानंतर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, ही बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. उदाहरणार्थ, १ ऑक्टोबर रोजी समागम झाल्यास ३१ दिवसांनी, म्हणजे १ नोव्हेंबरच्या सुमारास पहिले वेत होते. नर सोबतच राहिल्यास दुसरे वेत २ डिसेंबरच्या व तिसरे २ जानेवारीच्या सुमारास होऊ शकते. प्रत्येक वेतात सहा पिल्ले धरली तरी तीन महिन्यांत एका जोडीपासून १८ पिल्ले होतात आणि मादीचे शरीर पार खंगून जाते.

वयात येणे व लिंगओळख :

लहान जातींचे ससे चार ते पाच महिन्यांत, तर मोठ्या जातींचे त्याहून उशिरा वयात येतात. काही पिल्ले यापूर्वीही प्रजननक्षम होत असल्याने १० ते १२ आठवड्यांपर्यंत नर व मादी पिल्ले वेगळी करणे इष्ट होय. कोवळ्या वयात लिंगओळख अवघड असते. ‘दोन्ही माद्याच आहेत’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून न राहता पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी.

मुद्दाम वेत घ्यावयाचे असल्यास मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. मादी स्वतःच्या जागेविषयी आक्रमक असते व तेथे आलेल्या नरास चावते. समागम होताच तिला परत आणावे. निष्फळ समागमानंतर मादीत खोटी गर्भावस्था उद्भवू शकते. ती साधारणतः १६ ते १८ दिवस टिकते व अखेरीस मादी घरटेही करू लागते.

विणे व पिल्लांचे संगोपन :

गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. २७ ते २८ व्या दिवशी पिंजऱ्यात लाकडी पेटी ठेवून तीत वाळलेले मऊ गवत घालावे. मादी स्वतःच्या अंगाचे केस उपटून घरट्यात पसरते. हा आजार नसून विण्याची पूर्वतयारी होय. वर्धा हा कापसाचा जिल्हा असल्याने पेटीत कापूस घालण्याकडे सहज कल होतो. परंतु कापसाचे तंतू पिल्लांच्या पायांना गुंडाळले जाऊन रक्तप्रवाह थांबण्याचा धोका असतो. म्हणून कापूस टाळावा.

गाय वासराला दिवसातून अनेकदा पाजते. सशाची मादी मात्र दिवसातून एक किंवा दोन वेळाच, तेही बहुधा रात्री वा पहाटे, अवघी तीन ते पाच मिनिटे पाजते. उर्वरित वेळ ती पेटीपासून दूर राहते. ‘आईने पिल्ले टाकली’ असा समज करून घेऊन त्यांना गाईचे दूध पाजले जाते आणि ते श्वासनलिकेत जाऊन पिल्ले दगावतात. वस्तुतः पिल्लांची पोटे गोल व अंग उबदार असेल तर हस्तक्षेपाची गरज नसते. पोटे खपाटीला गेली असल्यास किंवा मादीची कास सुजून कडक झाल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. मनाने प्रतिजैविके देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखे औषध तोंडावाटे दिल्यास सशाला जीवघेणे ठरू शकते.

पिल्लांचे डोळे १० ते १२ व्या दिवशी उघडतात व सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती आईपासून वेगळी करता येतात.

वर्ध्याचे हवामान व प्रजनन :

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. सशाला घामावाटे शरीर थंड करता येत नाही. ते काम प्रामुख्याने कानांतील रक्तवाहिन्या करतात. तापमान ३० अंशांच्या पुढे दीर्घकाळ राहिल्यास नराच्या वीर्याची प्रत खालावते. शुक्राणू तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागत असल्याने हा परिणाम पावसाळ्याच्या आरंभापर्यंत जाणवतो. गाभण मादीस तर उष्माघाताचा मोठाच धोका संभवतो. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ समागमासाठी योग्य ठरतो, कारण अशा वेतातील पिल्ले मार्चच्या मध्यापर्यंत दूध तोडण्याच्या वयाची होतात.

अतिरिक्त पिल्लांचा प्रश्न :

पिल्ले वाढल्यावर ती जंगलात सोडण्याचा विचार पुढे येतो. सेलू तालुक्यातील बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले व २०१४ मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अशा वनात पिंजऱ्यात वाढलेला ससा फार काळ तग धरू शकत नाही. तग धरल्यास काय घडते हे ऑस्ट्रेलियाने अनुभवले आहे. तेथे १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन याने इंग्लंडहून आणलेल्या सुमारे दोन डझन सशांपासून पुढे खंडव्यापी आपत्ती उभी राहिली. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे.

यावर निर्बीजीकरण हा विश्वसनीय उपाय होय. नराचे खच्चीकरण झाल्यानंतरही तो चार ते सहा आठवडे मादीपासून दूर ठेवावा लागतो, कारण पूर्वीचे शुक्राणू शिल्लक असतात. निर्बीजीकरण न झालेल्या मादीत वयानुसार गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून तिच्यासाठीही ही शस्त्रक्रिया हितावह ठरते. मात्र ती सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावी.

निष्कर्ष :

१) सशात माजचक्र नसून प्रेरित अंडमोचन असल्याने गाईचे ठोकताळे त्यास लागू पडत नाहीत.
२) विण्याच्या दिवसापूर्वीच नर वेगळा करणे ही किमान दक्षता होय.
३) मादीचे पिल्लांपासून दूर राहणे स्वाभाविक असून अनावश्यक हस्तक्षेप पिल्लांच्या जिवावर बेततो.
४) वर्ध्याचा उन्हाळा सशाच्या प्रजननास प्रतिकूल आहे.
५) पिल्लांची सोय निश्चित नसल्यास वेत घेऊ नये. हा निर्णय पिल्ले झाल्यावर नव्हे, तर जोडी घरी आणण्यापूर्वीच व्हावयास हवा.