एका भागाकारात निकाल

एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे वर्गात आपण भागून ठरवतो. वर्गमूळापर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही, तर ती मूळ. ९७ साठी २, ३, ५, ७ पुरतात. पण २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ साठी? ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. तिचे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे, आणि तिथपर्यंत साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्या!

१७७२ च्या सुमारास, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, लेओनार्ड ऑयलर यांनी ती मूळ असल्याचे दाखवले. त्यांनी भागाकार करण्याआधी विचार केला: विभाजक असलाच, तर तो कसा असेल?

आपण लहान भावंड घेऊ: २ चा १३ वा घात वजा १, म्हणजे ८,१९१. समजा, प ही मूळ संख्या तिला भागते. म्हणजे २ च्या १३ व्या घाताला प ने भागल्यास बाकी १ उरते. ज्या घातांकांना बाकी १ उरते, ते सगळे त्यांतल्या सर्वांत लहानाच्या पटीत असतात. १३ मूळ आहे आणि घातांक १ असताना बाकी १ येत नाही. म्हणून सर्वांत लहान घातांक १३ च. फर्माच्या प्रमेयानुसार (प – १) या घातांकालाही बाकी १ येते. म्हणून (प – १) ला १३ ने भाग जातो. प विषम असल्याने २६ नेही जातो.

९० पर्यंत अशा संख्या तीनच: २७, ५३, ७९. शिवाय अशा विभाजकाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च येते, असाही नियम आहे. उरली फक्त ७९. भागून पाहा: बाकी ५४. एका भागाकारात ८,१९१ मूळ ठरली!

३१ साठी हीच चाळणी लावली, की ४६,३४० पर्यंत ६३ खेरीज ३७२ संख्या उरतात. ६३ तर मूळच नाही. त्या ३७२ मधल्याही संयुक्त संख्या गाळता येतात. उरलेल्या एकीनेही भाग जात नाही.

१८११ मध्ये पीटर बार्लो यांनी या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येविषयी लिहिले, की अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, निरुपयोगी; याहून मोठी बहुधा कोणी शोधणार नाही. पण याहून मोठ्या सापडल्या, आणि ऑयलरांची मूळ संख्या उपयोगीही ठरली. संगणकावर यादृच्छिक संख्या मिळवण्याच्या एका प्रसिद्ध रीतीत आधीच्या संख्येला १६,८०७ ने गुणून ऑयलरांच्या या संख्येने भागतात व बाकी घेतात. शून्य सोडून सर्व बाक्या एकेकदा येऊन गेल्यावरच क्रम पुन्हा सुरू होतो. भाजक मूळ नसता, तर हे जमले नसते.

आता विद्यार्थ्यांना २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २,०४७ द्या. २२ च्या पटीत १ मिळवून पहिलाच विभाजक तपासू द्या. निकाल त्यांनाच सांगू द्या.