घरभाडे आणि प्राप्तिकर

आचऱ्याचे घर भाड्याने देऊन मुंबईस नोकरी करणारे चाकरमानी आम्हांस नेहमी विचारतात, "शाकारणीचा खर्च करातून वजा होतो ना?" होत नाही, पण त्यावाचून अडतही नाही.

कायद्याने तीन वजावटी दिल्या आहेत. पहिली घरपट्टीची. ती मालकाने स्वतः भरलेली हवी, आणि ज्या वर्षी भरली त्याच वर्षी धरावी. भाडेकरूने भरली तर मालकास हक्क नाही. हे न्याय्यच आहे. उरलेल्या रकमेचे ३० टक्के ही दुसरी. कौले बदला वा न बदला, ती मिळतेच. तिसरी घर घेण्यास, बांधण्यास वा दुरुस्तीस काढलेल्या कर्जाच्या व्याजाची, मुद्दलाची नव्हे.

वर्षाचे भाडे ६०,००० रुपये धरू. घरपट्टी २,००० गेली, उरले ५८,०००. त्याचे ३० टक्के, म्हणजे १७,४००, वजा जाता ४०,६००. व्याज १२,००० असेल, तर करपात्र उत्पन्न २८,६०० रुपयेच. १९६१ च्या कायद्यातील ही रीत २०२५ च्या कायद्यानेही कायम ठेवली आहे.

तेव्हा सुताराच्या पावत्या शोधण्यापेक्षा घरपट्टीची पावती व बँकेचा व्याजाचा दाखला जपावा. कामगाराने हक्काचा पैसा सोडू नये, आणि खोटा खर्चही दाखवू नये.