भंडारदऱ्यातल्या भाड्याच्या खोल्यांचा हिशेब

भंडारदऱ्याचं, प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, ते खालच्या लाभक्षेत्रातल्या शेतीसाठी. वर मुक्कामाला असत ते साहेब आणि पाटबंधारे खात्याची माणसं. खोल्या भाड्याने देऊन चार पैसे मिळवावेत हे धरणाजवळच्या शेंडी परिसरात रुजलं ते पुढे, पर्यटक येऊ लागल्यावर. या सगळ्या काळाचा मागोवा घेताना मला एकच गोष्ट निर्णायक वाटते. खोली किती भाड्याने जाते यापेक्षा ती किती रात्री रिकामी राहते, यावर धंदा ठरतो.

खोल्या भरतात त्या मोजक्याच दिवसांत: मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे, मग पावसाळ्यातले शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी. मधल्या वारी सामसूम. समजा, सहा खोल्यांवर ३० लाख घातले आणि रात्रीला २,००० भाडं धरलं. वर्षातले सगळे शनिवार-रविवार भरले तर साडेबारा लाख जमतील, पण ४० रात्रीच भरल्या तर ४ लाख ८० हजार. वीज, धुलाई, मदतनीस आणि कमिशन जाऊन निम्मे उरले तरी परतावा ८ टक्के. यात जमिनीची किंमत नाही, डागडुजीही नाही. इथला पाऊस भिंत सुकू देत नाही. गणपती येईतो रंगाचे पोपडे सुटतात, गाद्यांना कुबट वास येतो आणि दिवाळीआधी रंगारी बोलवावाच लागतो.

यावर म्हटलं जातं की जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, आता गर्दी वाढणारच. वाढेलही, पण रस्ता जवळ आला की माणूस संध्याकाळी घरीही परततो. शिवाय भर हंगामातली गर्दी पाण्याकाठचे तंबू वाटून घेतात, आणि तंबूला ना पाया लागतो ना रंग.

दुसरा आक्षेप असा की भाडं बेताचं असलं तरी जमिनीचा भाव चढेल. पण इथली बरीच जमीन आदिवासी खातेदारांची, आणि ती बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चं बंधन आहे. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, विक्रीला तर शासनाची मान्यताही. ३० लाख ज्या वेगाने वसूल होतात, त्यापुढे पाच वर्षं काहीच नाहीत. हे बंधन मला योग्यच वाटतं; धरणाच्या पाण्यात याच लोकांच्या जमिनी गेल्या आहेत.

म्हणून हा धंदा परवडतो तो गावातल्याच कुटुंबाला. जमीन घरची, स्वयंपाक घरचा, राबणारे हात घरचे, आणि रिकाम्या रात्रीचा खर्च जवळजवळ शून्य. त्यांनीही दोन खोल्यांपासून सुरुवात करावी आणि तिसरीचा पाया खणण्याआधी दोन पावसाळ्यांच्या वहीत सोमवार ते गुरुवारच्या रात्री मोजून पाहाव्यात.