'सगळ्याला चालतं' म्हणजे नक्की कशाला?

मे महिन्यातल्या एका दुपारी जळगावात महामार्गालगतच्या वॉशिंग सेंटरवर मी गाडी धुवायला लावली होती. तिथल्या पोराने पाच लिटरच्या कॅनमधलं हिरवं केमिकल पाणी न घालता तसंच स्प्रेच्या बाटलीत भरलं आणि चारही चाकांवर मारलं. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, ऑल पर्पज आहे. सगळ्याला चालतं." तेवढ्यात मागे दुसरी गाडी लागली आणि तो तिकडे गेला. दहा-बारा मिनिटांनी प्रेशरचं पाणी मारलं तेव्हा चिखल निघाला होता, पण दोन अलॉयवर ओघळांचे पांढुरके पट्टे उमटले होते. ते आजही तसेच आहेत.

त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं आणि कॅनवरचं नाव तर तेच म्हणत होतं. जळगाव काय, धुळे काय, दोन्हीकडे आता डिटेलिंगची दुकानं झाली आहेत, घरी गाडी साफ करणारेही वाढलेत आणि ऑल पर्पज क्लीनरचा कॅन सहज मिळतो. म्हणून या नावाचा खरा अर्थ आधी पाहू.

'ऑल पर्पज' म्हणजे एकाच ताकदीने सगळीकडे मारायचं औषध नव्हे. वेगवेगळ्या प्रमाणात पाणी घालून वेगवेगळ्या कामांना वापरता येईल असं ते मूळ द्रावण असतं. त्यात मळ सोडवणारे साबणासारखे घटक, थोडा सॉल्व्हंट आणि तेलकटपणा तोडणारी अल्कली असते. शाळेत शिकलेला सामू आठवा. सात म्हणजे उदासीन, त्याच्या वर अल्कधर्मी. असे बहुतेक क्लीनर मूळ रूपात दहा ते तेराच्या दरम्यान असतात. अलॉय चाकं ज्याची असतात त्या ॲल्युमिनियमवर निसर्गतः ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच धातूला वाचवतो. साधारण चार ते साडेआठ या सामूच्या पट्ट्यात तो टिकतो. त्याच्या बाहेर गेलं की तीव्र आम्लही तो विरघळवतं आणि तीव्र अल्कलीही. अलॉयवर पारदर्शक कोटिंग असतं, ते शाबूत असेल तर धातू झाकलेला राहतो. पण खडीने टवका उडाला असेल किंवा फुटपाथला घासून कडा उघडी पडली असेल, तर केमिकल थेट धातूला भिडतं.

मग कमी सामूचं घेतलं की काम झालं, असंही पुष्कळांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. सामूची मोजपट्टी दसपटीची असते. दहापट पाणी घातलं तरी सामू फार तर एका अंकाने उतरतो, बऱ्याच क्लीनरमध्ये तेवढाही नाही. पण अल्कलीचा एकूण साठा सुमारे दहाव्या हिश्शावर येतो आणि इजा किती होणार हे त्या साठ्यावर आणि ते किती वेळ टेकून राहतं यावर ठरतं. म्हणून कॅन घेताना सामूच्या आकड्याइतकाच पाणी घालण्याचा तक्ता पाहावा. कुठल्या भागाला किती पाणी हे ज्या कॅनवर लिहिलेलं नाही, तो कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही.

हे प्रमाण अंदाजाने घालू नये. एकास चार म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत १०० मिली क्लीनर आणि ४०० मिली पाणी. टायर आणि चाकाच्या वरच्या चिखलाच्या खोबणीला साधारण एवढं लागतं. दाराच्या कडा आणि कापडी सीटला एकास दहा, म्हणजे सुमारे ४५ मिली. डॅशबोर्डला एकास वीस पुरतं, म्हणजे चहाचे पाच चमचे. आपल्या कॅनवर वेगळं लिहिलेलं असेल तर तेच खरं मानायचं. मी रिकाम्या बाटल्यांवर मार्करने रेघा मारून ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीवर 'चाक', 'सीट', 'डॅशबोर्ड' असं लिहिलं आहे. एवढ्याने अर्धी चूक टळते.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न उन्हाचा. लेबलावर 'दोन-तीन मिनिटं राहू द्या' असं लिहिलेलं असतं, ते सावलीतल्या गार गाडीसाठी. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, बोनेटला हात टेकवत नाही. तिथे दोन मिनिटांच्या आत पाणी उडून जातं आणि एकास दहा केलेलं द्रावण पत्र्यावरच पुन्हा घट्ट होत जातं. डाग पडतात ते बहुतेक वेळा असे, वाळल्यामुळे. गाडी सकाळी आठच्या आत धुवावी किंवा दिवस मावळल्यावर. लांबून आली असेल तर आधी सावलीत गार होऊ द्यावी, मग साधं पाणी मारावं, मग एकेक भाग घेऊन लगेच धुवावा.

फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, हाही असाच गैरसमज. फेसामुळे द्रावण उभ्या पत्र्यावर थोडा वेळ टिकतं, इतकंच. मळ सोडवण्याचं काम फेसाखालचं द्रावण करतं.

रावेर, यावल, सावद्याच्या बाजूला गाडी असेल तर केळीच्या चिकाचं वेगळं सांगायला हवं. घड भरलेल्या पिकअपच्या फाळक्यावरून चीक ओघळतो, शेतातून आलेल्या माणसाच्या हाताला लागून स्टिअरिंगवर आणि सीटवरही येतो. ताजा असताना तो पाण्यासारखा दिसतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. त्यातल्या टॅनिनसारख्या पदार्थांना हवा लागली की तो तपकिरी, मग काळा होतो. ज्यांनी केळीच्या बागेत काम केलं आहे त्यांच्या कपड्यांवर हे डाग कायमचे असतात. यावर लोक सर्वात आधी कडक क्लीनर मारतात आणि तिथेच फसतात. अल्कलीने हा बदल थांबत नाही, उलट जोर धरतो. कापलेल्या केळ्याला लिंबू लावलं तर ते काळं पडायला वेळ लागतो, त्याच्या नेमकं उलट. ताजा चीक आधी भरपूर साध्या पाण्याने आणि ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, मग गाडीच्या सौम्य शाम्पूने धुवावा. जुना, काळा पडलेला डाग कापडातून पूर्ण निघेल याची आशा ठेवू नये. तो घासून घासून कापड मात्र विरतं.

लिंबाचं नाव निघालं म्हणून घरगुती उपायांचंही सांगतो. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' असं नसतं. लिंबाच्या रसाचा सामू दोनाच्या आसपास असतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केला की फसफसतं, पण ते एकमेकांना मारतात आणि हाती फारसं काही उरत नाही. धुण्याचा सोडा सौम्य वाटतो, त्याचं द्रावण मात्र अकराच्या घरात जातं. डिझेल मारून खालची बाजू चकचकीत करायची जुनी सवय तर सोडायलाच हवी. रबरी बुश आणि होज त्याने फुगतात आणि आगीचा धोका वेगळाच. टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीच एका बादलीत कधीही येऊ देऊ नये, त्यातून क्लोरिन वायू सुटतो.

काचेवरचे आणि रंगावरचे पांढरे ठिपके ऑल पर्पजने जात नाहीत म्हणून लोक अजून कडक कॅन मागतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार वाळले की हे ठिपके उरतात, हीटरच्या रॉडवर साचतात तेच. त्यांच्यावर अल्कलीचं काही चालत नाही, त्यासाठी सौम्य आम्लाचं वेगळं वॉटर स्पॉट रिमूव्हर मिळतं. त्याहून बरं म्हणजे धुतल्याबरोबर गाडी मायक्रोफायबरने कोरडी करणं.

आतल्या भागात स्प्रे थेट मारू नये. फडक्यावर मारून पुसावं, नाहीतर बटणांच्या फटीत द्रावण उतरतं. स्क्रीन आणि मीटरच्या पारदर्शक प्लॅस्टिकला ऑल पर्पज लावूच नये. सीट बहुतेक गाड्यांत रेक्झिनच्या असतात, त्या पातळ द्रावण सहन करतात. पण खऱ्या चामड्याचा सामू चार-पाचच्या आसपास असतो, अल्कलीने ते कोरडं पडून तडकतं. स्टिअरिंगला खरं चामडं असेल तर त्याचा क्लीनर वेगळा घ्यावा. शंका असेल तेव्हा सीटच्या खालच्या बाजूला पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावं. फडक्याला रंग आला तर थांबावं.

त्या दिवशी पैसे देताना त्या पोराचे हात पाहिले. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, कातडी सोललेली. जे अलॉयवरचा थर विरघळवतं ते कातडीतली चरबीही विरघळवतं. डोळ्यात गेलं तर अल्कली आम्लापेक्षा आत खोल शिरते. अशा वेळी चोळत न बसता डोळा वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं धरायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा. नायट्राइलच्या हातमोज्यांना फार पैसे पडत नाहीत. पुढच्या वेळी गेलो तेव्हा मोज्यांचा एक जोड आणि रेघा मारलेली बाटली त्याच्यासाठी घेऊन गेलो.