विमा रुग्णालयापुरता; घरच्या शुश्रूषेचे काय?

निगडी-चिंचवडला घर आणि चाकणला दुकान किंवा कारखान्यांना माल पुरविण्याचा व्यवसाय, अशा कुटुंबांत आरोग्यविमा बहुधा कमावत्या पिढीचाच उतरविला जाई. पासष्टी उलटलेल्या वडीलधाऱ्यांना नवी पॉलिसी मिळणे दुरापास्त होते. १ एप्रिल २०२४ पासून नियम पालटले. विमा कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी पॉलिसी ठेवाव्यात, असे नियामक प्राधिकरणाने ठरविले आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. हप्ता किती, हे मात्र कंपनीच ठरविते. ऑक्टोबर २०२४ अखेरीस आयुष्मान भारत योजना ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, खुली झाली. तीत कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. सधन घरे उगीच संकोच करतात.

खरा प्रश्न रुग्णालयातून घरी परतल्यावर उभा राहतो. आजींच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचे बिल विमा भरतो. पुढे त्यांची कूस बदलणे, अंघोळ घालणे, चार पावले चालविणे यासाठी महिनोन्‌महिने माणूस लागते. पॉलिसीतील प्रमाणित अपवादांत पाचव्या क्रमांकाचा अपवाद नेमका हाच आहे. दैनंदिन व्यवहारांतील अशी मदत घरी असो वा शुश्रूषागृहात, ती प्रशिक्षित परिचारिकेने केली तरी तिचा खर्च मिळत नाही. सुना-लेकींच्या बळावर हा भार आजवर निभावला; आता त्याही पेढीवर बसतात.

‘घरी उपचार’ या कलमावरही फार विसंबू नये. रुग्णाला हलविणेच अशक्य असेल किंवा रुग्णालयात खाट नसेल, तेव्हाच ते सामान्यतः लागू होते, आणि तेही उपचार तीन दिवसांहून अधिक चालले तर. घर सोयीचे वाटते, हे कारण चालत नाही. रुग्णालयोत्तर औषधे व तपासण्यांचा खर्च आयुष्मानमध्ये १५ दिवस, तर आरोग्य संजीवनी पॉलिसीत ६० दिवस मिळतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. वाचलेली ती रक्कम शुश्रूषेसाठी वेगळी ठेवता येईल. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चावर जुन्या करप्रणालीत ५० हजारांपर्यंत वजावट आहे, परंतु रोखीने दिलेली रक्कम तीत धरली जात नाही. गल्ल्यातून पैसे काढून देण्याची सवय येथे महागात पडते.